कपाट हलवतोय

बाबा, तुमच्या हाताचा आवाज मला अजून ओळखू येतो. क्रॉयडनच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर दारं आपटतात, खालून ट्राम खडखडत जाते, वरच्या मजल्यावरचं पोरगं पलंगावरून उड्या मारतं, आणि मी मान वर करत नाही. पण परवा शाळेत दोन मुलांची जुंपली, एकाने दुसऱ्याच्या कानाखाली लगावली, आणि फळ्याकडे तोंड करून उभी असलेली मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले. "मिस, यू ओके?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. मार्कर पडला होता, तो शोधत होते, असं मी सांगितलं. मार्कर माझ्या हातातच होता. तुम्ही गेलात तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आता तुमच्याशिवाय जगलेली वर्षंही जवळजवळ तितकीच भरली आहेत. तरी कुठेही हात उठला की तो मला तुमचाच वाटतो. म्हणून जुलैमध्ये फ्रान्सला जे झालं ते तुम्हाला सांगायला बसले आहे. त्यात तुम्हीही होता.

साध्या दिवशी तुम्ही मारत नव्हता, हे आधी लिहायला हवं. साध्या दिवशी तुम्ही रेस्टॉरंटमधून यायचात, अंगाला तंदूरचा आणि कांद्याचा वास, दोन घास खायचात आणि सोफ्यावरच झोपायचात. सणाला मात्र आई सकाळीच कानातल्या कुड्या काढून डबीत ठेवायची. बाकीच्या बायका सणाला दागिने घालायच्या, आई उतरवायची. चापट बसली की कुडीची फिरकी मानेत रुतते, हे मला फार उशिरा कळलं. लीड्समधली आपली माणसं सणाला आपल्याकडे जेवायला यायची. हॉस्पिटलातले डॉक्टर, त्यांच्या बायका, मोठ्या घरांतली माणसं. "शेफसाहेब, आज बोटं चाटायला लावलीत!" म्हणायची, डबे भरून न्यायची. तुम्ही हसत हसत दारापर्यंत सोडायला जायचात. गाडी कोपऱ्यावर वळली की दार लागायचं. मग स्वतःच्या मुलाच्या मेडिकलच्या ॲडमिशनबद्दल सांगताना कोणी तुमच्याकडे पाहिलंही नाही, कोणत्या डॉक्टरीणबाईंशी आई जरा जास्त मोकळं हसली, हे सगळं बाहेर यायचं आणि आईच्या अंगावर उतरायचं.

एका पाडव्याला गुढीसाठी काठी मिळाली नाही म्हणून तुम्ही पडद्याचा रॉड घेतला होता. संध्याकाळी गुढी उतरवली. मी गाठीतलं साखरेचं पदक चोखत बसले आहे, आणि आईने काय म्हटलं ते मला ऐकू आलेलं नाही. खण अजून रॉडला बांधलेलाच आहे. रॉड आईच्या पाठीवर पडतो तेव्हा तो हिरवा खण हवेत उडतो, परत पडतो, परत उडतो. काही फटक्यांनंतर तो सुटून माझ्या पायाशी येतो. मी त्याची घडी घालते. बाबा, मी त्याची व्यवस्थित चौकोनी घडी घातली आणि आईच्या कपाटात नेऊन ठेवली.

आणि बॉनफायर नाइट, इंग्रजांची फटाक्यांची रात्र. इथे दिवाळी आणि ती रात्र मागेपुढेच येतात. नोव्हेंबरात पाच वाजताच काळोख होतो आणि सगळी गल्ली फटाक्यांनी दणाणायला लागते. त्या संध्याकाळी तुम्ही खिडकी उघडायचात. कडाक्याच्या थंडीत. बाहेरचा आवाज आत यावा म्हणून. रागाने माणूस बेभान होतो असं लोक म्हणतात. बेभान माणसाला खिडकी उघडायचं सुचत नाही, बाबा. अशाच एका संध्याकाळी आईचा डावा कान कायमचा गेला. डॉक्टरला तिने इन्फेक्शन सांगितलं. त्या दिवशी मी जिन्यावरून खाली येऊन तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिले होते. तुम्ही मला बाजूला सरकवलंत, अगदी हळू, गॅसवरचं दुधाचं पातेलं सरकवावं तसं, आणि म्हणालात, "तू अभ्यास कर. हा तुझा विषय नाही." मी वर गेले. खाली आवाज चालू होता आणि मी ज्वालामुखीच्या आकृतीत लाल रंग भरत होते.

आता दुसरंही लिहिते, कारण त्याशिवाय हे पत्र खोटं होईल. शाळेची एक दिवसाची सहल बोटीने फ्रान्सला जाणार होती. आई नको म्हणत होती, एवढ्या लांब, पाण्यातून, पोरीची जात. तुम्ही कागद घेतलात आणि टेबलावरच सही केलीत. "जाऊ दे तिला. आपल्या घरात कोणी पाहिलंय?" त्या गावातल्या बेकरीत रांगेत उभी राहून मी पहिल्यांदा फ्रेंचमध्ये पाव मागितला आणि बाईने तो खरंच दिला. घरी आल्यावर तुम्ही ते वाक्य मला परत परत म्हणायला लावलंत. स्वतः म्हणून पाहिलंत, जीभ वळेना, आणि इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. पुढे एडिनबराला मी फ्रेंचच घेतलं. आपल्या घरात डिग्री घेणारी मी पहिली. आज मी ज्या भाषेवर जगते ती तुम्ही दिलेली आहे.

आईने सांगली सोडली तर सुट्टी म्हणून कुठे पाऊल टाकलं नव्हतं. हॉस्पिटलच्या किचनमध्ये ती पेशंटांची ताटं लावते. तिथली ट्रॉली आणि बसस्टॉप, एवढंच तिचं जग. मी ठरवलं, तिला नदीवरून फिरवायचं. फ्रान्समध्ये अशा लांबट, बुटक्या बोटी असतात, दहाबारा प्रवासी, खाली झोपायच्या खोल्या, वर डेक. सोन नदीतून निघून रोन नदीत उतरायचं, रोज एका गावाला बोट बांधायची. जुलै मी मुद्दाम निवडला होता. चौदा जुलैच्या आसपास त्या काठावरच्या प्रत्येक गावात सण असतो. चौकात लांबलचक टेबलं, बँड, नाच, आणि बाहेरून आलेल्यालाही हाताला धरून बसवतात. माझ्या मनात मोठ्या कल्पना होत्या. जिथे कोणी कोणाला घाबरत नाही असा सण आईला एकदा दाखवायचा होता. ट्रेनमध्ये मी तिला अख्खा धडा दिला: राजाचा तुरुंग, लोकांनी तो कसा फोडला, स्वातंत्र्य, समता. तिने उजवा कान माझ्याकडे करून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मारामारीचाच सण की गं!"

पहिल्या दोन गावांत तिला फटाक्यांनी दचकायला झालं. मुलं दिवसाढवळ्या पायांत लवंगी फोडत होती. ती प्रत्येक वेळी माझं मनगट पकडायची, मग स्वतःच हसायची, "बघ, अजून जात न्हाई." तिसऱ्या गावात मात्र एका जाड्या बेकरीवाल्याने तिला रिंगणात ओढलं आणि ती सॅंडल काढून नाचली. फुगडीच्या पायांनी नाचली. गावातल्या बायका टाळ्या देत होत्या. मी फोटो काढत होते आणि मनात म्हणत होते, झालं, हेच तर हवं होतं.

बोटीवर आमच्या टेबलाला यॉर्कशरचं एक जोडपं होतं. नवरा साठीचा, टवटवीत, सगळ्यांना वाइन ओतायचा, आईला "लव्ह" म्हणायचा, जसं तिकडे बस ड्रायव्हरही म्हणतो. पाण्याची पातळी बदलायला बोट दोन दरवाजांच्या मध्ये थांबवतात, तिथे दोर फेकायला हाच पुढे. सगळी बोट त्याच्यावर खूश होती, मीसुद्धा. बायको शिडशिडीत, जाड भिंगांचा चष्मा, हातात कायम पुस्तक. आई तिच्याकडे फार बघायची. एकदा मला म्हणाली, "त्याचा जोक संपायच्या आधीच हसती बघ ती."

"किती वर्षांचा संसार आहे, आई. पाठ झाले असतील जोक."

"पाठच झाल्यात," आई म्हणाली.

चौदा जुलैला दुपारी बोट एका गावाच्या घाटाला बांधली होती. तिथे त्या दिवशी नदीवर झुंज असते, आणि आम्ही सगळे डेकवरच्या टेबलांशी बसून ती बघत होतो. दोन लांब होड्या, एक लाल, एक निळी. प्रत्येकीच्या मागच्या टोकाला उंच चौथरा, त्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक गडी, छातीला लाकडी ढाल, हातात लांबच लांब काठी. वल्हेकरी जीव खाऊन वल्हवतात, होड्या एकमेकींना घासून जातात, आणि काठी धाडकन समोरच्याच्या छातीवर बसते. एक जण पाण्यात. काठावर पितळी वाद्यांचा बँड, ढोल, सगळं गाव ओरडत. एवढ्या लांब आईला घेऊन आले आणि काय दाखवायला? काठी आणि माणूस. पहिला आवाज झाला तेव्हा आईने टेबलाची कड धरली. दुसऱ्या आवाजालाही धरली. मग पडलेला गडी वर आला, केस झटकले, आणि ज्याने पाडलं त्यानेच वाकून त्याला हात दिला. आई पुढे सरकून बसली. "ह्यांच्यात पाडणारा हात देतोय की गं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने तीही ओरडायला लागली. निळ्याच्या बाजूने.

त्याच वेळी आमच्या टेबलावर तो नवरा सगळ्यांना सांगत होता, की या गावात दरवर्षी लालच जिंकतात. "निळे, डिअर," बायको पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "कॅप्टनने सकाळी सांगितलं ना." सगळे हसले. तोही हसला, सगळ्यांत मोठ्याने. मग ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "माझी हॅट खाली राहिली. जरा शोधायला ये." ती उठली. तिने चष्मा काढला, घडी केली, पावाच्या टोपलीशेजारी ठेवला, आणि त्याच्या मागे जिना उतरून गेली.

मी झुंज बघत होते. आई उठलेली मला कळली ती तिची खुर्ची पडल्यामुळे. ती जिन्याकडे धावत होती. पन्नाशीची, गुडघे दुखणारी माझी आई दोन दोन पायऱ्या उतरत होती. मी मागे पळाले. खाली अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं, वरून बँडचा दणदणाट. शेवटच्या दारामागून एक आवाज आला. मला तो वरच्या ढोलातूनही ऐकू आला, म्हणून तर लिहिलं, की ओळखू येतो. आईने दार वाजवलं नाही. भिंतीवरचा लाल फायर एक्स्टिंग्विशर उपसला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि त्याचा बुडखा दाराच्या मुठीवर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मूठ तुटून लोंबली आणि दार आत गेलं.

आत त्याने बायकोचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड बेसिनच्या कडेवर दाबलं होतं. पांढऱ्या बेसिनमध्ये रक्ताची धार, नळ चालू. त्याने मान वळवली. चेहऱ्यावर रागही नव्हता. "बाहेर जा, लव्ह," तो म्हणाला. "हा तुमचा प्रश्न नाही." आईने तो लाल सिलिंडर खांद्यामागून फिरवला. तो त्याच्या मनगटाच्या वर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. केस सुटले. तो पलंग आणि बेसिनच्या मधल्या फटीत कोसळला आणि लहान मुलासारखा ओरडायला लागला. आईने सिलिंडर परत वर नेला, डोक्याच्याही वर. तिचा पदर सुटला होता, दात आवळलेले होते, आणि तिच्या घशातून जो आवाज येत होता तो मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता, तुम्ही मारत असतानाही नाही. तेव्हा तर ती आवाजच करत नसे. मी तिला अडवलं नाही. अडवलं त्या बायकोने. तशीच, नाकातोंडातून रक्त वाहत असताना, ती त्याच्या अंगावर आडवी पडली आणि किंचाळली, "नको! त्याला मारू नका!" आईचे हात वरच राहिले. मग हळूहळू खाली आले. वर कोणीतरी पाण्यात पडलं आणि गाव गरजलं.

सणाच्या बंदोबस्ताला पोलीस घाटावर होतेच. त्याला हॉस्पिटलला नेलं. पोलिसांतली एक बाई, उन्हाने लाल झालेली, आईला बोटीच्या जेवणघरात घेऊन बसली. कॅप्टनने पाहिलं तेवढं सांगितलं: दार फोडलं, म्हाताऱ्या प्रवाशाचा हात मोडला. मग पोलीसबाईंनी बायकोला विचारलं. ती समोरच्याच टेबलाशी नाकाला बर्फ लावून बसली होती. तिने मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, की बोट हलली, पाय घसरला, बेसिनवर आपटले, नवरा मला उठवत होता. बोट बांधलेली होती. पण ती तसं म्हणाली, आणि पोलीसबाईंनी आईकडे पाहिलं. मला कायदा कळत नाही, पण ते पाहणं कळलं. आता एकच गुन्हेगार उरली होती. हॉस्पिटलची नोकरी, इथला व्हिसा, परका देश, तुरुंग, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. तिला स्वातंत्र्याचा सण दाखवायला आणलं होतं मी.

फोनवर हिंदीचा दुभाषा मिळेल असं त्या म्हणाल्या. आईने मान हलवली. "हे मला हिंदीत सांगता यायचं न्हाई. तू सांग." मुलीने सांगितलेलं पक्कं धरता येणार नाही, पण आत्तापुरतं चालेल, असं पोलीसबाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला खोलीत काय चाललंय हे कसं कळलं?

"चष्मा काढून गेली ती," आई म्हणाली. "हॅट शोधायला चष्मा काढून कोण जातं? काच डोळ्यात घुसू नये म्हणून काढला तिनं. मी कुड्या काढायची."

मी सांगितलं. पोलीसबाईंनी विचारलं, का काढायच्या? आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती गप्प बसेल. तेरा वर्षं आम्ही दोघीच एकमेकींना होतो, मी घरी गेले की एका ताटात जेवायचो, आणि हे वाक्य आमच्यात एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. "माझे मिस्टर मला मारायचे," आई म्हणाली. मी सुरुवात केली, हिचा नवरा हिला... पोलीसबाईंनी हात वर केला. ती बोलते तसंच बोला, त्या म्हणाल्या, मधे तुम्ही येऊ नका. तेव्हा मी म्हटलं: माझा नवरा मला मारायचा. माझ्या तोंडून, बाबा. तुमच्या मुलीच्या तोंडून, तुम्ही शिकू दिलेल्या भाषेत. सणाला मारायचा. हा कान त्याच्या हाताने गेला. रॉडने मारायचा. आई एकेक वाक्य द्यायची आणि मी ते माझं करून पुढे द्यायची. काही ठिकाणी मी तिच्या आधीच बोलले, कारण ते दिवस मलाही पाठ होते.

मग पोलीसबाईंनी खरा प्रश्न विचारला. संशय होता तर दार वाजवायचं, कॅप्टनला बोलवायचं. एकदम फोडलं का?

आईने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. "वाजवून उपयोग नसतो," ती म्हणाली. "एकदा फटाक्यांच्या दिवशी आमची शेजारीण आली होती, म्हातारी, आयरिश. तिनं दार वाजवलं. ते आत उभे होते. मी तोंड धुतलं, केस सारखे केले आणि हसत दार उघडलं. तिनं विचारलं, कसला आवाज येतोय? मी म्हटलं, कपाट हलवतोय. ती बघत राहिली. मी परत हसले. मग ती गेली. दार मीच लावलं. त्यानंतर कान गेला." तिने कण बशीत टाकले. "मी वाजवलं असतं तर हिनंपण हसतच उघडलं असतं. मला फोडायलाच पाहिजे होतं."

हे मला माहीत नव्हतं, बाबा. मी तेव्हा वर ज्वालामुखी रंगवत होते. मी समोरचं पाणी प्यायले. मग मी सांगितलं: मी हसत दार उघडलं. मी म्हटलं, कपाट हलवतोय. दार मीच लावलं.

बायकोला यातलं अक्षर कळलं नव्हतं, ना मराठी ना एवढं फ्रेंच. आईच तिच्याकडे वळली आणि तिच्या लीड्सच्या इंग्रजीत म्हणाली, "आय टोल्ड हर वी वेअर मूव्हिंग द वॉर्डरोब, लव्ह." एवढंच. त्या बाईने बर्फाचा रुमाल खाली घेतला. नाक सुजून वाकडं झालं होतं. तिला हसूच आलं आधी, एकदम, आणि हसताना रक्त परत वाहायला लागलं. "मी नेहमी पायऱ्यांवरून पडले म्हणून सांगते," ती म्हणाली. मग पोलीसबाईंकडे बघून सावकाश म्हणाली, "मी घसरले नाही."

आईला त्या दिवशी कुठेही नेलं नाही. नंतर कागद आला, की तिच्यावर काही कारवाई नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डेकवर चहा घेत होतो तेव्हा ती बाई आमच्याजवळ येऊन बसली. "तुमचं कधी थांबलं?" तिने आईला विचारलं. "ही डाइड," आई म्हणाली. ती बाई म्हणाली, "बराच वेळ लागतो म्हणजे." मग टॅक्सी आली आणि ती हॉस्पिटलला गेली, त्याच्याकडे. हातात पिशवी होती, पिशवीत त्याचे बूट. मी संतापले. एवढं सगळं करून? आईने तिसरा चहा ओतून घेतला. "खरं बोलली न्हवं एकदा? आता बूट नेऊ दे. मीपण नेले असते."

सप्टेंबरात गणपतीला लीड्सच्या मंडळाचं जेवण होतं. मीही गेले होते. पंगतीत एक डॉक्टरकाका पुरणपोळी मोडता मोडता म्हणाले, "वहिनी, काही म्हणा, आमच्या शेफसाहेबांच्या हाताला जी चव होती ती परत नाही." आई म्हणाली, "होती की. हा कान त्याच हातानं गेला माझा. कोशिंबीर देऊ?" डॉक्टरकाकांनी कोशिंबीर घेतली, दोनदा घेतली. त्यांच्या बायकोने आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या पानाकडे. आई वाढत पुढे गेली. बाहेर ढोल चालू झाला होता आणि तिने मान वळवली नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आईलाही दाखवणार नाही. तिला दाखवता येणार नाही असं यात एकच आहे. त्या दिवशी जेवणघरात सगळं सांगून झाल्यावर पोलीसबाईंनी विचारलं होतं, आणखी काही? आई म्हणाली, "ते गेल्यावर मी रडले होते. ते रडणं खोटं नव्हतं. हेपण सांग तिला." मी पोलीसबाईंना म्हटलं, नाही, एवढंच. आईला वाटतं, मी सांगितलं.